सात वाजताची रजा

प्रिय माई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे माझ्या स्वभावात बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर येण्याची शक्यता नाही तो विचारू नये, असे तर्कशास्त्राच्या तासाला मी मुलांना बजावत असे. आज मीच तसा प्रश्न घेऊन बसले आहे. त्याचे उत्तर मला रविवारपर्यंत पाळकसाहेबांना द्यायचे आहे, आणि या घरात माझ्याशी वाद घालून जिंकणारी एकच व्यक्ती होती. ती वर्षापूर्वी गेली. म्हणून हे पत्र.

आज दुपारी पाळकसाहेब आले होते. आपल्या चर्चच्या मंडळीचा सुवर्णमहोत्सव येतो आहे. त्याच्या समितीचे अध्यक्षपद मी घ्यावे, असे पंचांनी ठरवले आहे. "एकमतानं, मॅडम," ते म्हणाले. स्मरणिका, पाहुणे, मांडव, गावोगाव पांगलेल्या जुन्या सभासदांचा शोध, असे सगळे काम. मी विचारले, "बैठका कधी?" ते म्हणाले, "सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात. सगळे नोकरदार हो, त्याआधी कोणी सुटत नाही." चहा संपवून उठताना त्यांनी वर आणखी एक वाक्य ठेवले, "शेवटी प्रभूचंच काम आहे."

माई, दिवसाला एवढे तास असताना यांना नेमका तुमचाच तास सापडावा?

मी सून म्हणून आले तेव्हा आपण नाना पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होतो. सात वाजले की आमटी कितीही अर्धवट असो, स्टोव्ह बंद. चटई पसरायची, ज्याची पाळी असेल त्याने पवित्र शास्त्रातला पाठ वाचायचा, मग सर्वांत लहानापासून सुरुवात करून एकेकाने प्रार्थना करायची. यात मला नवे काही नव्हते. माझ्या माहेरीही घरची उपासना होत असे. मला नवी वाटली ती तुमची रजेची पद्धत.

कोणाला काम असेल तर तुम्ही अडवत नव्हता. पण रजा तुमच्याकडे मागायची नाही, असा तुमचा नियम होता. चटईवर बसायचे, डोळे मिटायचे आणि आज वेळ का नाही हे सगळ्यांसमोर, मोठ्याने, देवाला सांगायचे. सांगून झाले की तुम्ही "आमेन. जा" म्हणायच्या, आणि माणूस मोकळा. कारण खरे असेल तर ते सांगायला चार शब्द पुरत. खोटे असेल तर जीभ अडखळे, आणि तो आपोआप चटईवर बसून राही. कोणाला रागावण्याची वेळच तुमच्यावर येत नसे.

माझ्या पहिल्या रजेची आठवण आहे तुम्हाला? परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी बसले आणि देवापुढे रीतसर बाजू मांडली. हे काम तूच मला दिलेस, दिलेले काम वेळेत करावे ही तुझीच इच्छा, सबब या घटकेला उत्तरपत्रिका तपासणे ही तुझीच सेवा होय. युक्तिवादाची प्रतिज्ञा, हेतू, निगमन, कशातही फट नव्हती. मी डोळे उघडून तुमच्या "आमेन"ची वाट पाहिली.

"झालं?" तुम्ही विचारलेत. "मग आता शास्त्र वाच."

"आणि माझी रजा?"

"मागितलीस कुठे? भाषण केलंस."

तुमचे चिरंजीव पदरात तोंड लपवण्याइतके हसले, फक्त त्यांना पदर नव्हता. पुढे त्यांची पाळी आलीच. भारताची मॅच होती आणि शेजारी टीव्ही लागला होता. ते चटईवर बसून म्हणाले, "प्रभू, आज मॅच आहे." एवढेच. तुम्ही ताबडतोब "आमेन. जा" म्हणालात. ते गेले आणि थोड्याच वेळात परत येऊन बसले. मी विचारले, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. तिकडे चैन पडेना. उगाच सांगून गेलो." न सांगता गेले असते तर अख्खी मॅच पाहून आले असते.

मग दिवस बदलले. आपण कर्वेनगरला फ्लॅटमध्ये आलो. दाराशी भाजीची गाडी येत असूनही तुम्ही मंडईत जात राहिलात आणि सातच्या आत बसने परतत राहिलात. केबल आली, तिच्या मालिका आल्या. तुमच्या नातवाने, नोएलने, बुधवार पेठेतून एकेक भाग आणून पहिला कॉम्प्युटर जुळवला आणि तो ठेवायला घरात एकच टेबल होते, ज्यावर तुमचे पवित्र शास्त्र असे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शास्त्र मॉनिटरच्या डोक्यावर.

"माई, अगं त्याला हवा लागते वरून," नोएल कळवळला.

"मग त्याला सरकव. हे आधीपासून इथंच आहे."

तो कॉम्प्युटर खिडकीशी गेला. नोएल मात्र त्याच्याच वाटेने पुढे गेला. आधी हिंजवडी, मग परदेश, मग परत हिंजवडी. आपल्या नातवाला रजा मागायची वेळ रोजच येऊ लागली, आणि तुम्ही रोज ती देत राहिलात. मला ते खटकत होते. नियमाला इतके अपवाद झाले की तो नियम राहत नाही, असे मी म्हणत असे. तुम्ही म्हणायच्या, "रोज सांगतोय ना? मग रोज येतोय."

शेरॉन नोएलशी लग्न होऊन आली त्याच आठवड्यातली ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. सातला चटई पडली आणि ती हातात लॅपटॉप घेऊन दाराशी अवघडून उभी राहिली.

"माई, सॉरी, पण मला आत्ता कॉल आहे."

"कुणाचा?"

"क्लायंटचा. तिकडे त्यांची मॉर्निंग होते ना."

"मग बस आणि सांग देवाला."

ती बसली, लॅपटॉप मांडीवर ठेवूनच. "लॉर्ड, माझा कॉल आहे. मला इथं थांबायला आवडलं असतं. पण ते लोक वेट करताहेत आणि मला जाम टेन्शन आलंय."

"आमेन. जा बाळ. त्यांना ताटकळत ठेवू नकोस."

त्या रात्री जेवताना मी तुम्हाला सरळ विचारले होते, की मला इतक्या वर्षांत इतक्या सहज रजा का मिळाली नाही? नियम सर्वांना सारखा असायला नको का? तुम्ही भाताचा घास हातात धरून म्हणालात, "ती सांगते. तू सिद्ध करतेस. देवाला काय सिद्ध करून दाखवायचं, प्रमिला?"

त्यावर मला तीन उत्तरे सुचली होती आणि तिन्ही तुमचेच म्हणणे खरे करणारी होती. पण माई, एक तक्रार आज नोंदवते. हे वाक्य तुम्ही मला पहिल्या वर्षी सांगू शकला असता. मी कष्टाळू विद्यार्थिनी होते.

आणि मग तुमची स्वतःची रजा. शेवटच्या आजारपणात तुम्हाला पलंगावरून उठवत नव्हते, म्हणून चटई आम्ही तुमच्या पलंगाशी अंथरत होतो. एका संध्याकाळी पाठ सुरू होण्याआधी तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "प्रभू, आज मला बसवत नाही. जाऊ दे." "आमेन. जा" म्हणणारी व्यक्तीच रजा मागत होती. हे माझ्याकडे पाहू लागले, शेरॉन माझ्याकडे पाहू लागली. मी "आमेन" म्हटले. पुढचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

तुमच्यानंतर चटई काही दिवस पडत राहिली आणि मग पडेनाशी झाली. कोणी ठरवून बंद केली नाही. शेरॉनने ती आपल्या पद्धतीने वाचवली. घरच्या सर्वांच्या कॅलेंडरमध्ये तिने सात वाजताची 'फॅमिली प्रेयर' टाकली. नोएल सध्या काही महिन्यांसाठी अमेरिकेत आहे, तो तिकडच्या सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर येतो, बहुधा एका हाताने शर्टाची बटणे लावत. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ई-मेल उघडला तो या निमंत्रणाला होकार द्यायला. मी प्रथम नाक मुरडले होते. पण विचार केल्यावर आक्षेप सापडला नाही. चटई काय आणि कॅलेंडर काय, दोन्ही साधनेच.

मग आज माझ्यापुढे प्रश्न तो काय? तो असा की या वर्षात त्या निमंत्रणाला सर्वाधिक नकार कोणी दिला असेल, तर तो मी. शेरॉनने नव्हे, नोएलने नव्हे. आणि माझे कारण दर वेळी निर्दोष होते. महिला मंडळाची सभा. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या परीक्षांचे काम. भजनसंध्येची तयारी. ऑफिसच्या कामासाठी प्रार्थना सोडताना माणूस निदान चोरट्यासारखा जातो. मंडळीच्या कामासाठी सोडताना तो ताठ मानेने जातो. मी तर जाताना घरच्यांनाच वर सांगत असे, "माझ्यासाठी प्रार्थना करा."

आज सातला मी घरी होते. ह्यांनी पाठ काढून ठेवला होता. शेरॉन शेजारी, नोएल पडद्यावर. मला वाटले, अध्यक्षपद घ्यायचेच असेल तर ते तुमच्या रीतीने घ्यावे. मी म्हटले, "थांबा. मला रजा मागायची आहे." शेरॉनने चमकून पाहिले. तुम्ही गेल्यापासून हा शब्द घरात कोणी उच्चारलेला नव्हता.

मी डोळे मिटले. या वेळी बाजू मांडायची नाही, फक्त सांगायचे, एवढे मनाशी पक्के केले आणि सुरुवात केली. "प्रभू, यापुढे संध्याकाळी तुझ्यापाशी बसायला मला वेळ होणार नाही, कारण मी तुझ्या..."

आणि तिथे थांबले. पुढचा शब्द 'कामात' होता, तो म्हणवेना. मी उभे आयुष्य इतरांच्या वाक्यांतली विसंगती दाखवण्यात घालवले आहे, माई. माझ्या स्वतःच्या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांकडे पाहत उभे राहिले आणि मला त्यांची ओळख करून देता येईना.

मग पडद्यावरून नोएलचा आवाज आला, "आई, म्यूट झालीस का?"

"नाही," शेरॉन हळूच म्हणाली. "आई विचार करताहेत."

ह्यांनी चष्मा पुसत शेरा मारला, "म्हणजे आज जेवायला उशीर."

पण मी तुमच्यासमोर घाईने हार मानणार नाही. समिती घ्यावी म्हणणाऱ्या पूर्वपक्षालाही त्याचे म्हणणे मांडू द्यावे. सेवा हीही प्रार्थनाच असते, हे खोटे आहे का? तुम्हीच एकदा भर प्रार्थनेतून उठला होता. शेजारच्या कुलकर्णी काकू न्हाणीघरात पडल्या होत्या आणि त्यांची हाक भिंतीतून आली. तुम्ही वाक्य अर्धे टाकून धावलात, आणि त्यांना दवाखान्यातून घेऊनच परतलात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारले, "माई, काल तुम्ही रजा मागितली नाहीत."

"ज्याच्याशी बोलत होते त्याचीच हाक आली पलीकडून. रजा कुणाकडे मागू?"

तेव्हा मला वाटले होते, की हे तुमच्या नियमातले व्यंग सापडले. आज त्याच दृष्टांतावर मी माझी समिती तपासून पाहिली. काकूंना त्या घटकेला तुमच्याशिवाय कोणी नव्हते. समितीला माझ्याखेरीज निदान चार जण आहेत, आणि त्यांतल्या एकीला हे काम माझ्यापेक्षा बरे जमेल, कारण तिला माणसे घाबरत नाहीत. काकूंची हाक ऐकून तुम्हाला स्वतःचा विसर पडला होता. पाळकसाहेबांचा "एकमतानं" हा शब्द ऐकून मला स्वतःची फार स्पष्ट आठवण झाली. दृष्टांत लागू पडत नाही. पूर्वपक्ष इथे संपला.

तरीही मी कदाचित उद्या सकाळी नवा पूर्वपक्ष तयार केला असता. माझा तो हात अजून चालतो. निर्णय झाला तो पाठ संपल्यानंतर, स्वयंपाकघरात.

मी भाकरी थापत होते आणि शेरॉन ताटे घेत होती. ती म्हणाली, "आई, एक बोलू? तुम्ही ती कमिटी घ्या किंवा नका घेऊ, ते तुमचं. पण आज तुम्ही रजा म्हणालात ना, तर मला एकदम भरून आलं."

"त्यात भरून येण्यासारखं काय आहे?"

"माई होत्या तेव्हा कॉल असला तरी आधी इथं यायचे मी. दोन मिनिटं बसायचे, सांगायचे, मग जायचे. कॉलमध्येसुद्धा वाटायचं, कुणाला तरी सांगून आलेय. आता मी नुसतं डिक्लाइन दाबते. कॅलेंडर काही म्हणत नाही." ती थोडा वेळ पाण्याचे तांबे भरत राहिली. "पुढच्या महिन्यात मला टीम लीड करताहेत. मग रोज सातलाच कॉल. मी स्वतःला ओळखते, आई. दोन महिन्यांत मी ते इन्व्हिटेशनच काढून टाकीन. आणि मग मला त्याची आठवणसुद्धा यायची नाही."

"तुझं वाचन, प्रार्थना, सकाळी करता येईल," मी म्हटले.

"येईल ना. पण रजा मागायला कुणीतरी बसलेलं लागतं."

माई, त्या क्षणी तव्यावरची भाकरी करपली आणि मला तुमचा सबंध नियम पहिल्यांदा दिसला. मला वाटत आले होते, की तुम्ही सातला बसत होता म्हणून आम्हाला बसावे लागत होते. वस्तुस्थिती अशी होती की तुम्ही बसत होता म्हणून आम्हाला जाता येत होते. सांगून जाता येत होते, आणि सांगून गेलेला माणूस परत येतो. तुमची जागा रिकामी झाली तेव्हा आमची प्रार्थना बंद पडली नाही. आमची रजा बंद पडली, आणि आम्ही नुसतेच गैरहजर राहू लागलो.

तेव्हा रविवारी पाळकसाहेबांना मी सांगेन, की अध्यक्षपद मला नको. कारण विचारले तर एकच वाक्य सांगेन, सिद्ध करणार नाही. स्मरणिकेची मुद्रिते सकाळच्या वेळी घरी पाठवावीत, मी तपासून देईन. व्याकरणाच्या चुका मंडळीत कोणाच्या नजरेतून सुटोत, माझ्या सुटणार नाहीत. ते म्हणतील, "मॅडम, प्रभूचं काम आहे." मी म्हणेन, हो. ते नाराज होतील, आणि पंचांपैकी कोणीतरी म्हणेल की बाईंना मान कमी पडला असावा. म्हणू देत.

आणि तुम्हाला वचन देते. उद्यापासून सातला चटई पडेल आणि मी तिच्यावर असेन. शेरॉन टीम लीड झाली की रोज येईल, रोज दोन वाक्ये सांगेल, आणि मी "आमेन. जा" म्हणेन. उलटतपासणी करण्याचा मोह मला होईल, तुम्हाला ठाऊकच आहे. तेवढ्यासाठी मी हे पत्र शास्त्रात, पाठाच्या पानाशी ठेवते आहे. एखाद्या दिवशी घरातले सगळेच रजेवर असतील आणि चटईवर मी एकटी उरेन. त्या दिवशीही पाठ मोठ्याने वाचीन.

एक काम मात्र वर्षभर राहून गेले आहे. तुमची रजा मी अर्धीच दिली होती. "आमेन" म्हटले आणि पुढे थांबले. तुम्ही आम्हाला "जा" म्हणत होता, कारण आम्ही लहान. वडीलधाऱ्या माणसाला निरोप देताना आपण "जा" म्हणत नाही. म्हणायचा शब्द मला ठाऊक होता, फक्त तो उच्चारला तर तुम्ही खरोखर निघाल, अशी एक पूर्णपणे अतार्किक भीती वाटली.

आज ती वाटत नाही. सात वाजता कुठे बसायचे ते मला आता ठाऊक आहे.

आमेन, माई. या.

तुमची सून,
प्रमिला